सोलापूरहून अकलूजची वाइनरी : एका दिवसाच्या खासगी सफरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर पंढरपूर तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग आहे, खाण्याच्या द्राक्षांची. लग्नानंतर सोलापुरात आले आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना अकलूजकडची वाइनरी दाखवायला नेऊ लागले. पुढे तेच काम झालं. दिवसाला एकच कुटुंब किंवा एकच मित्रमंडळी घेऊन मी जाते. नोंदणीआधी फोनवर जे विचारलं जातं त्याची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. ती वाचून आलात तर गाडीत द्राक्षांबद्दल बोलायला जास्त वेळ मिळतो.

सोलापूर जिल्ह्यात खरंच वाइनरी आहे?

आहे, आणि देशातल्या नावाजलेल्या वाइनरींपैकी एक आहे. माळशिरस तालुक्यात, मोटेवाडीच्या माळावर फ्राटेलीच्या बागा आहेत. फ्राटेली हा इटालियन शब्द, अर्थ 'भाऊ'. २००७ च्या सुमारास तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून ही वाइनरी उभी केली: इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील. वाइन बनवायला इटलीच्या तोस्कानातून पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून त्यांच्या एका लाल वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. ती सांजिओव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ या दोन जातींच्या द्राक्षांची असते.

सोलापूरकरांना चादरीचा इतिहास तोंडपाठ असतो, पण ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. याचं मला दर वेळी वाईट वाटतं. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरमाड माळावर पिकलेली वाइन परदेशात जाते, आणि आपण द्राक्षबागा बघायला नाशिकची गाडी धरतो.

एका दिवसात किती वाइनरी दाखवता?

एकच. तिच्या आधी एक खाण्याच्या द्राक्षांची बाग.

बरेच जण विचारतात की पुणे महामार्गावर दौंड तालुक्यात रोटी गावाच्या टेकडीवर फोर सीझन्सची वाइनरी आहे, तीही जोडता येईल का. नकाशावर जमेल असं दिसतं, पण मी नेत नाही. दोन्ही जोडल्या तर दिवस गाडीतच जातो आणि दोन्हीकडे घाईत चार घोट घेऊन परतावं लागतं. रोटीला जायचं असेल तर पुण्याला जाता-येता वेगळा अर्धा दिवस ठेवा आणि आधी कळवूनच जा. नाशिक तर सोलापूरहून एका दिवसात होणारच नाही. तिथे मुक्काम हवा.

अंतर किती, आणि किती वाजता निघायचं?

सोलापूर ते अकलूज साधारण ११५ ते १२५ किलोमीटर, रस्ता कोणता धरता त्यावर. मोहोळवरून पंढरपूर आणि वेळापूर हा एक मार्ग, पुणे महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत जाऊन आत वळायचं हा दुसरा. जाताना मी पंढरपूरचा रस्ता घेते, कारण त्यावर बागा दिसतात. येताना टेंभुर्णीचा, कारण अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागलेलं बरं. अकलूजहून पुढे माळावर जायचं, त्यामुळे जायला अडीच-तीन तास धरा. सकाळी साडेसहाला निघतो.

पुण्या-मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी सोलापूरपर्यंत यायची गरज नाही. कुर्डुवाडी जंक्शनला उतरा, मी तिथून घेते.

दिवस कसा जातो?

वाटेत नाश्ता. नऊच्या सुमाराला आमच्या भागातल्या बागेत. तिथे तासभर. अकरापर्यंत वाइनरीच्या बागेत, मग आत टाक्या आणि बॅरलची खोली, मग चव घेणं. दीड वाजता जेवण. तीनच्या पुढे परतीचा रस्ता, साडेसहा-सातपर्यंत सोलापुरात. वेळापूरचं यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचं मंदिर वाटेवरच आहे. कुणाला बघायचं असेल तर जाताना थांबतो.

चव घेण्याचं काम मी मुद्दाम जेवणाआधी ठेवते. जेवून जडावलेल्या जिभेला काही कळत नाही. पण रिकाम्या पोटीही वाइन घेऊ देत नाही, म्हणून नाश्ता टाळायचा नाही ही माझी अट आहे.

कोणत्या महिन्यात यावं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा लांबून सांगते.

युरोपात थंडीत द्राक्षवेल झोपते. पानं गळतात, बर्फ पडतो, वसंतात पुन्हा डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास तोडणी होते. आपल्याकडे वेलीला झोपायला तशी थंडीच नाही. तिला जागंच राहायचं असतं, म्हणून तिचं वर्ष आपण कात्रीने आखतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची. बागेत फक्त ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांद्या, उरतात, बाग उघडीबोडकी दिसते. त्यानंतर उन्हाळ्यात ज्या काड्या फुटतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, डोळ्यांना न दिसणारा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तिच्यानंतर फुटतो तो घड. दोन छाटण्या आणि पीक एक. परदेशी पाहुण्यांना हे ऐकून नवल वाटतं, आणि आपल्याकडच्या शहरी पाहुण्यांनाही.

तेव्हा महिन्यांचं असं आहे. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. ती पहाटे-सकाळी गारव्यात उरकतात, कारण तापलेला घड टाकीत गेला की नको तो आंबूसपणा लवकर सुरू होतो. वाइनरीत या दिवसांत सगळीकडे रसाचा वास असतो. आयुष्यात एकदाच यायचं असेल तर फेब्रुवारीत या. त्यात माळावर ज्वारी हुरड्याच्या शेवटाला आलेली असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला नव्या फुटी आणि फुलोरा. याच काळात परतीचा पाऊस आला तर डाउनी या बुरशीच्या रोगाची भीती असते. फवारणी चालू असेल तर बागेत सोडत नाहीत, मीही आग्रह धरत नाही. डिसेंबरात मणी भरत असतात, हवा छान असते.

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४० च्या वर जातो. तेव्हा मी वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना नेत नाही. ज्यांना खरड छाटणी बघायचीच आहे असे शेतीवाले मात्र एप्रिलात येतात, आणि मला ते पाहुणे फार आवडतात.

खाण्याची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं वेगळी असतात का?

पूर्ण वेगळी. म्हणूनच आधी आपली बाग दाखवते आणि मग त्यांची.

आपली बाग म्हणजे सोनाका, थॉम्पसन, शरद सीडलेस, माणिक चमन. यातली सोनाका सोलापूरचीच लेक. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत निराळी दिसलेली काडी हेरून ती जात वाढवली. काळी शरद सीडलेसही त्यांचीच. ज्या गावाचं नाव बाहेरच्यांना माळढोकच्या अभयारण्यामुळे माहीत असतं, ते द्राक्षवाल्यांना या दोन जातींमुळे माहीत आहे. महाराष्ट्रात तुम्ही खाल्लेल्या लांब मण्यांच्या पुष्कळ द्राक्षांची मुळं तिथे पोहोचतात.

या द्राक्षांत बी नको, साल पातळ हवी, मणी मोठा हवा, चावल्यावर कुरकुरीत हवा. त्यासाठी घड विरळायचा, संजीवकाच्या, म्हणजे मणी वाढवणाऱ्या औषधाच्या, द्रावणात बुडवायचा. १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आसपास गोडी आली की व्यापारी येतो.

वाइनच्या मण्याकडून याच्या उलट अपेक्षा. मणी लहान, साल जाड, आत बिया. रस थोडा आणि साल जास्त. कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. हंगामात मी पाहुण्यांच्या तळहातावर कॅबर्नेचा एक काळाभोर मणी ठेवून दाबायला सांगते. रस निघतो तो जवळपास पाण्यासारखा! रंग सगळा सालीला. हे एकदा हातावर पाहिलं की लाल वाइन सालीसकट का आंबवतात ते सांगावं लागत नाही. गोडीही यांची जास्त असते, २२ ते २४ ब्रिक्स, आणि तिच्या जोडीला आंबटपणा टिकलेला लागतो. नुसती गोड द्राक्षं आंबवली तर वाइन मचूळ लागते.

मांडवही निराळा. आपल्याकडे घड डोक्यावर किंवा वाय आकाराच्या तारांखाली लोंबतात. तिथे वेली उभ्या तारांवर ओळीने सरळ वर चढवलेल्या असतात, घड गुडघा-कमरेच्या मधे. आमच्या काकांनी पहिल्यांदा ती बाग पाहिली तेव्हा त्यांना ती उपाशी वाटली. एका वेलीवर इतकेच घड? त्यांचा जन्म एकरी टन वाढवण्यात गेला आणि इथे माल मुद्दाम कमी धरतात, जेणेकरून उरलेल्या घडात दम यावा. ते परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते, आणि घरी पोहोचल्यावर म्हणाले, "मालाच्या वजनावर नाही, चवीवर पैसे मिळणार असतील तर मीही असंच करीन."

मुरमाड जमिनीत वाइनची द्राक्षं का लावतात? काळं रान चांगलं नाही का?

काळ्या रानात पाणी धरून राहतं, वेल नुसती पानावर जाते. मुरमात पाण्याचा निचरा होतो, मुळाला खाली जाऊन शोधावं लागतं आणि ठिबकने मोजून पाणी देता येतं. माळशिरस तालुक्यात नीरेच्या कालव्याखाली ऊस उभा असतो आणि पश्चिमेच्या चढावर हा कोरडा माळ. ज्या माळाला ऊसवाले नाक मुरडत होते, तो द्राक्षाला मानवला.

वाइनरीच्या आत काय बघायला मिळतं?

घड निवडायची जागा, देठ वेगळे करणारं यंत्र, दाबयंत्र, मग स्टीलच्या उंच टाक्या. टाकीत यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पांढऱ्या वाइनचा रस साल काढून थंड ठेवून, साधारण १४ ते १८ अंशांवर हळू आंबवतात, म्हणजे फळाचा वास उडून जात नाही. लाल वाइन २५ ते ३० अंशांवर. तिच्यात साली वर तरंगून जाड थर धरतात आणि तो थर रोज मोडावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर सोडून भिजवावा लागतो. २४ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला की १३-१४ टक्के अल्कोहोल होतं.

पुढे काही लाल वाइन ओकच्या २२५ लिटरच्या बॅरलमध्ये मुरते. त्या खोलीत गार आणि अंधार असतो, लाकडाचा आणि व्हॅनिलासारखा वास येतो. तिथे गेल्यावर पाहुणे आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. माझी स्वतःची आवडती जागा तीच.

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. आपण बाजारात एवढीच द्राक्षं पिशवीत घेऊन येतो हे आठवा, म्हणजे बाटलीचा अंदाज येतो.

द्राक्षं पायांनी तुडवायला मिळतील का?

हंगामात कधीकधी असा कार्यक्रम असतो. फोटो छान येतात. पण त्या रसाची वाइन करत नाहीत, आणि माझ्या सफरीत त्याचं आश्वासन नाही.

वाइन कशी चाखायची ते आम्हाला येत नाही. लाज वाटेल का?

मुळीच नाही. ज्याला आंबा कोणता रायवळ आणि कोणता हापूस हे वासावरून कळतं, त्याला वाइनही कळते. फक्त सवय लावायची.

आधी पेला उजेडाकडे धरून रंग बघायचा. मग पेला थोडा फिरवून नाक आत घालायचं. इथे कुणी म्हणतं पेरू, कुणी म्हणतं ओली माती, एक आजी म्हणाल्या चिंचेच्या बोटुकांसारखा वास येतोय, आणि तो बरोबर होता. पुस्तकातली फळं शोधत बसू नका, आपल्या अंगणातली आठवा. मग लहान घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं का, लाल वाइनने हिरड्या आवळल्यासारख्या होतात का, ते पाहायचं. तो आवळणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. कच्च्या सुपारीचा किंवा कडक चहाचा तुरटपणा माहीत असेल तर हाही ओळखीचाच.

चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं अजिबात असभ्य नाही, वाइन बनवणारेही तेच करतात. साधारण पाच-सहा वाइन थोड्या थोड्या दिल्या जातात. मधे तोंड साफ करायला मी पिशवीत सोलापुरी कडक भाकरी ठेवते. विकतच्या बिस्किटांत मीठ-लोणी असतं, भाकरीत काही नसतं. यापेक्षा चांगली सोय मला अजून सापडलेली नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. त्या दिवशी अत्तर किंवा सेंट लावू नका आणि मोगऱ्याचा गजरा माळू नका. गजरा मलाही आवडतो, पण त्याच्या घमघमाटात अख्ख्या टेबलाला वाइनचा वास येत नाही. आणि तंबाखू, गुटखा, पान सकाळपासून बंद.

वाइन गोड असते ना?

पहिल्यांदा येणाऱ्या दहांपैकी बऱ्याच जणांची हीच समजूत असते, आणि पहिल्या घोटाला चेहरा पडतो. द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाल्लेली असते. अशा वाइनला ड्राय म्हणतात. गोडसर हवी असेल तर शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जातीच्या काही वाइन किंचित गोडाकडे झुकलेल्या असतात. नवख्याने तिथून सुरुवात करावी. उशिरा तोडलेल्या, जवळपास बेदाण्याकडे चाललेल्या घडांची गोड वाइनही असते, जेवणानंतर थोडीशी घ्यायची.

जेवणाचं काय? आपल्या तिखट जेवणाबरोबर वाइन जाते का?

जेवण आधी सांगून ठरवावं लागतं. वाइनरीत जेवणार की अकलूजच्या खानावळीत, ते नोंदणीच्या वेळी सांगा.

तिखटाबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते अनेक जेवणांतून झालेलं आहे. शेंगाचटणी, ठेचा, काळ्या मसाल्याचं मटण यांच्याबरोबर जड, तुरट लाल वाइन घेऊ नका. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि वाइन कडू लागते. याच्याबरोबर गार, किंचित गोडसर शेनिन किंवा गेवुर्झट्रामिनर ही पांढरी वाइन घ्या. गोडी आणि थंडपणा जीभ शांत करतात. वांग्याचं भरीत, शेंगाची आमटी आणि ज्वारीची भाकरी असेल तर पांढरी सोव्हिन्यॉ ब्लाँ छान जमते. तिचा हिरवट आंबटपणा लिंबू पिळल्यासारखं काम करतो. कमी तिखटाचं, भाजलेलं मटण असेल तेव्हा सांजिओव्हेसे काढा. ती आंबटसर असल्याने तुपा-तेलाला आवरते. शेंगापोळीबरोबर काहीही घेऊ नका, ती नुसती खा.

मी पीत नाही. तरी येऊ का?

जरूर या. माझ्या प्रत्येक सफरीत एक-दोन जण न पिणारे असतात. बाग, छाटणी, टाक्या, बॅरलची खोली, हे सगळं त्यांचंही आहे. चवीच्या टेबलावर बसून नुसता वास घेणाऱ्यांनाही मी तितकाच वेळ देते. कुणाला आग्रह केलेला मला चालत नाही. वाइन शेतमालाची आहे म्हणून ती सरबत होत नाही. १३ टक्के अल्कोहोल हे अल्कोहोलच. औषध चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, पूर्वी व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी ती घेऊ नये. असं काही असेल तर मला खासगीत कळवा, टेबलाची मांडणी मी त्याप्रमाणे करते.

वाइन शाकाहारी असते का?

वाइन स्वच्छ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट ही माती. जैन आणि माळकरी पाहुण्यांनी हा प्रश्न आधी विचारावा, म्हणजे मी वाइनरीत त्या-त्या वाइनबद्दल विचारून ठेवते.

वय आणि परवाना?

वाइन घ्यायला किमान २१ वर्षं पूर्ण हवीत. ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो हे बरेच जण विसरतात. एक दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे त्याचे प्रकार आहेत. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एक दिवसाचा काढून घ्यावा, कसा ते मी सांगते.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

मुलांना बाग आवडते, टाक्यांशी कंटाळतात. दहा वर्षांखालची मुलं असतील तर चव घेण्याच्या वेळी त्यांच्याजवळ एक मोठं माणूस वेगळं हवं. आजी-आजोबांसाठी बागेत बसायची व्यवस्था करून ठेवते. चालणं फार नाही, पण जमीन खडबडीत आहे. चपला नकोत, बूट घाला. बॅरलच्या खोलीत थंडी वाजते, एखादी शाल असू द्या.

त्याच दिवशी पंढरपूरला विठ्ठलाचं दर्शन होईल का?

दर्शन आधी, वाइनरी नंतर, हा क्रम असेल तर होईल. पहाटे साडेचारला निघावं लागेल आणि रांग लांबली तर बाग सोडून द्यावी लागेल. वाइन घेऊन दर्शनाला जायचं असेल तर मी नेणार नाही. आमच्या घरात वारी आहे. याबाबत मला वाद नको.

आषाढीच्या आधीचे दिवस मी सफर ठेवतच नाही. तुकोबांची पालखी इंदापूरवरून अकलूजला येते, तिथे गोल रिंगण होतं. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून जाते. पुरंदावडे आणि खुडूसची रिंगणं याच तालुक्यात. त्या दिवसांत हे रस्ते वारकऱ्यांचे असतात. तेव्हा आलात तर रिंगण बघायला या, त्यासाठी माझी गरज नाही. आषाढी एकादशी, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे विक्री बंद असण्याचे दिवस असतात. निवडणुकीच्या काळातही बंदी असते, म्हणून तारीख पक्की करण्याआधी मी तपासून सांगते.

स्थानिक शेतकऱ्यांना या उद्योगाचा फायदा झाला का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, पण उत्तर द्यायलाच हवं.

२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिककडे विंचूर आणि सांगलीकडे पलूस इथे वाइन पार्क झाले. गावोगाव वाइनच्या जाती लावायची लाट आली. आमच्या शेजाऱ्यांनी एका वाइनरीच्या तोंडी शब्दावर दोन एकर लावले. नंतर २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांतच राहिली. शेजाऱ्यांचा माल उचलायला कुणी आलं नाही. खाण्याच्या बाजारात त्या बियांच्या, जाड सालीच्या द्राक्षांना कोण विचारणार? घड वेलीवर सुकले, पाखरांनी खाल्ले. पुढच्या वर्षी त्यांनी खुंट तेवढा ठेवून वर पुन्हा थॉम्पसनचं कलम केलं. मी तेव्हा लहान नव्हते, ते दिवस मला लख्ख आठवतात.

म्हणून तरुण शेतकरी माझ्याबरोबर येतात आणि विचारतात की आपणही लावावं का, तेव्हा मी एकच सांगते: दर, ब्रिक्स आणि माल उचलणं यांचा लेखी करार हातात असल्याशिवाय एक काडीही लावू नका. खाण्याच्या द्राक्षाला दहा गिऱ्हाइकं असतात, बेदाण्याचा पर्याय असतो. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच.

दुसरी बाजूही आहे. माळावर वर्षभर चालणारी कामं आली. छाटणी करणाऱ्या, काडी बांधणाऱ्या बाया त्याच गावांतल्या आहेत. त्यांच्यातल्या काहीजणी घड पाहून कोणत्या जातीचा ते लांबून सांगतात. संधी मिळाली तर त्यांच्याशी बोला, आणि परवानगी घेतल्याशिवाय फोटो काढू नका.

खर्च किती येतो?

माणसं किती, गाडी कोणती आणि जेवण कुठे, यावर ठरतं. नोंदणीच्या वेळी लेखी आकडा देते. त्यात गाडी, डिझेल, टोल, नाश्ता, बागेतली भेट, वाइनरीची फी आणि माझी दिवसभराची सोबत हे सगळं येतं. तुम्ही विकत घेतलेल्या बाटल्या तेवढ्या वेगळ्या. सहापेक्षा जास्त माणसं घेत नाही. त्याहून मोठ्या घोळक्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही.

आमची स्वतःची गाडी आणू का?

आणा, पण चालवणारा माणूस त्या दिवशी थेंबही घेणार नाही, हे मला आधी सांगा. थुंकून टाकली तरी थोडी पोटात जातेच. माझा ड्रायव्हर टेबलापाशी येतही नाही.

बाटल्या घरी कशा न्यायच्या?

बिल जपून ठेवा. कर्नाटक किंवा तेलंगणात परत जाणार असाल तर दुसऱ्या राज्यातून किती नेता येते याचे नियम वेगळे आहेत, तिकडचा नियम आधी विचारून घ्या. मी गाडीत थर्माकोलची पेटी ठेवते, कारण बंद गाडीत उन्हाळ्यात बाटली ठेवली तर दोन तासांत वाइन उकडल्यासारखी होते.

घरी गेल्यावर बाटली गॅसजवळच्या फडताळात किंवा खिडकीत ठेवू नका. बुचाची असेल तर आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहून हवा आत जात नाही. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. लाल वाइनही सोलापूरच्या खोलीच्या तापमानाला देऊ नका. इथली खोली म्हणजे मार्चपासूनच ३० च्या पुढे. फ्रीजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवून मग उघडा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर पांढरी दोन-तीन दिवस आणि लाल तीन-चार दिवस बरी राहते. त्यानंतर उरली तर फेकू नका, मटण शिजवताना घाला.